जयाला विचार

पेठच्या पुढं, पुणे-नाशिक रस्त्याला लागून, त्या जाहिरात एजन्सीचं ऑफिस होतं. काचेच्या भिंती, छताला टांगलेल्या वेली, दारातच पिवळा झोपाळा. तहरीम जुन्नरहून रोज एसटीनं यायची. पहिल्या दिवशी झोपाळ्यावर बसून काढलेला तिचा फोटो अम्मीनं साऱ्या मोहल्ल्याला दाखवला होता.

झोपाळा होता, पण काम सांगायला कुणी नव्हतं. मालक सूरज सर कायम पुण्यात. एकच पोस्टर तिघांना करायला दिलेलं असायचं आणि छापायचं कुणाचं, तो निरोपच यायचा नाही. फोन केला की सर म्हणायचे, "जयाला विचार ना." वैतागून एकेक जण सोडून गेला. दिवाळीनंतर त्या लांबलचक टेबलाशी तहरीम एकटीच उरली.

जयाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. पुण्यात बसत असेल, असं तिनं गृहीत धरलं होतं. पण मेसेजला उत्तर द्यायची ती एकटी जयाच. 'पिवळा जरा कमी कर, बाकी छान.' मग 'जेवलीस का?' मग 'घरी कोण कोण असतं?' अम्मीचा दुखरा गुडघा, धाकट्या भावाची, रिजवानची परीक्षा, तहरीम सगळं सांगत गेली. दिवसभरात तिच्याशी बोलणारं दुसरं होतं कोण?

एका दुपारी फरशी पुसणाऱ्या सरुबाईला तिनं सहज विचारलं, "मावशी, जया मॅडम इथं कधी आल्या होत्या का?"

सरुबाई फडकं पिळता पिळता थांबली. "आसं काय इचारता? तुमी दोघी शेजारीच तर बसता की रोज."

"शेजारी? कुठं?"

"आत्ता न्हाई का उठून गेल्या त्या..." सरुबाईनं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं, आणि बादली उचलून ती दुसऱ्या टोकाला गेली.

तहरीमनं शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. गादी कोमट होती. काचेतून ऊन येत होतं. त्यानंच असेल.

त्याच आठवड्यात सूरज सर पाहुणे घेऊन आले.

"ह्या आमच्या जया. सगळं ह्याच बघतात."

"सर, मी तहरीम."

सर हसले. "तहरीमनं सोडलं ना? तुम्हीच तर कळवलंत."

पाहुणेही हसले. सरांना कुणाचीच नावं लक्षात राहत नाहीत, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पाहुणे गेल्यावर ती कॉम्प्युटरसमोर बसली. पासवर्ड टाकला, तर चुकीचा दाखवला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. तिनं जयाला मेसेज केला.

पहिल्यांदाच उत्तर आलं नाही.

तिनं पर्स उचलली. उद्यापासून इथं यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. नारायणगावला गाडी बदलताना तिनं अम्मीला फोन लावला. कुणी उचलला नाही. जुन्नरच्या स्टँडवरून ती जवळजवळ पळतच घरी पोचली.

अम्मीनं दार उघडलं. पदर डोक्यावर नीट घेतला.

"अम्मी..."

"या ना. तुम्ही जयाताई ना? तहरीम लई बोलते तुमच्याबद्दल."

तहरीमला उंबरा ओलांडता येईना.

"बसा. आत्ताच आली ती, हात धुतीये."

आतला नळ बंद झाला.

अम्मी मराठीत बोलत होती. घरच्या माणसांशी ती आजवर कधी मराठीत बोलली नव्हती.