पोत्यातले दोन शाफ्ट

साखराबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या. खुर्ची पुढे केली तरी त्या उभ्याच राहिल्या.

"माझ्या नवऱ्याला चोर म्हणलेत," त्या म्हणाल्या. "भर बाजारात. चार वाजता पोलिसात देणार हायेत."

तेजश्रीने घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. खाजगी तपासाचं काम सुरू करण्याआधी तिने बारा वर्षं विम्यासाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. सोबतीला तिचे मामा, गहिनीनाथ. निवृत्तीनंतर त्यांना दोनच कामं उरली होती : भाचीबरोबर फिरणं आणि संतापणं. दुसरं ते विशेष निष्ठेने करत.

हकीकत छोटी होती. साखराबाईंचा नवरा हरिबा वडवणीचे पुढारी विजयसिंह यांची चोवीस वर्षांची गाडी चालवायचा. पंधरा दिवसांपूर्वी तिचे दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या चाकांना देणारे दांडे, सांध्यांसकट बदलले. परवा नारायणगडाच्या वाटेवर, वळणावर उजवा सांधा फुटला आणि गाडी नालीत गेली. विजयसिंहांच्या आई केशरबाईंचं मनगट मोडलं. फुटलेल्या सांध्यातून निघाला तो झिजलेला, जुना माल. अजिनाथ मिस्त्री म्हणाला, मी नवेच बसवले होते. हरिबाने काढून विकले आणि भंगार बसवलं.

"अठरा वर्षं गाडी चालवणारा माणूस अशी गाडी स्वतःच चालवेल?" मामा वाटेतच पेटले.

"शांत व्हा मामा. अजून कुणी तुमच्याशी भांडलेलं नाही."

विजयसिंहांच्या दारात, ऐन रस्त्यावर, गाडी जॅकवर उभी होती. बघे जमलेच होते. मामा गुडघे टेकून खाली डोकावले. उजवीकडचा दांडा लांबलचक, डावीकडचा आखूड. टोकांना कोरी रबरी टोपणं, त्यातलं उजवं फाटलेलं. एवढं बघून त्यांनी डोकं बंपरवर आपटलं आणि चौकशी तात्पुरती थांबवली.

"जुने शाफ्ट निघालेले मी स्वतः पाहिले," विजयसिंह म्हणाले. अंगावर बगळ्यासारखे पांढरे कपडे. "आमच्याकडं पद्धतच हाय. काढलेला माल दाखवल्याशिवाय गाडी ताब्यात घेत न्हाई."

"हातात घेऊन पाहिलेत?"

"ह्या कपड्यांनी?"

केशरबाई ओसरीवर हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. "दर सोमवारी मी परळीला जाते, वैजनाथाला. तिकडच्या वीजकेंद्राची राख गाडीत इतकी शिरते, की पदर झटकला तर धूर निघतो. दुरुस्तीनंतर मात्र मी गेले न्हाई, गाडीबी न्हाई. परवा पैल्यांदा भायेर पडले, तर हे." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हरिबा असलं करायचा न्हाई, पोरी. पण आमच्या घरात माझं कोण ऐकतंय?"

हरिबा भिंतीला टेकून उभा होता. मामांनी त्याला दरडावायचं ठरवलं होतं, पण चेहरा बघून चहाच विचारला.

"कवापासून खराब होती गाडी?" तेजश्रीने विचारलं.

"लई दिवस वळताना कटकट करायची. जुनं रबर फाटलं व्हतं, समदी राख सांध्यात. दादांना म्हणलं, म्हणून तर गाडी टाकली. मी तिथंच थांबतो म्हणलं, तर मिस्त्री म्हणला, जा घरी, संध्याकाळी ये. आठ दिवस आवाज गेलता. मग पुन्हा सुरू. दादांना सांगितलं, तर म्हणले, नव्या मालाला कसला आलाय आवाज बे."

विजयसिंह रस्त्याकडे बघू लागले.

अजिनाथ पोतं घेऊनच आला. "ताई, आपलं काम साफ हाय. ह्या गाडीतून काढलेले हे दोन्ही. त्या दिवसापासून माझ्याच ताब्यात हायेत." त्याने दोन्ही शाफ्ट फरशीवर शेजारीशेजारी ठेवले. झिजलेले, गंजलेले, पण टोकाला टोक कसं बरोबर जुळलेलं. कारकुनी आयुष्य गेलेल्या मामांना ती शिस्त फार आवडली. पुरावा जपून ठेवणारा माणूस खोटा कसा असेल, असं त्यांना क्षणभर वाटलंसुद्धा.

"डावा सांधा फुटलेला नाही," तेजश्री म्हणाली. "त्यावरचं रबर कापू का?"

"कापा," विजयसिंह म्हणाले.

"कशाला उगं—" अजिनाथ म्हणाला, पण तोवर ब्लेड फिरलं होतं.

वर पिवळं, ताजं ग्रीस. ते पुसलं तसा खोबणीतून राखाडी चिखल निघाला. तिने तो बोटावर घेऊन केशरबाईंपुढे धरला.

"परळी," केशरबाई म्हणाल्या.

"दुरुस्तीनंतर गाडी परळीला गेली नाही. रबर नवं, अखंड. मग ही राख आत कशी? ती आधीचीच आहे. म्हणजे हा सांधा याच गाडीचा, जुना. यांनी फक्त वरचं रबर बदललं आणि ग्रीस भरलं. ग्रीसने आठ दिवस आवाज दाबला."

"हरिबानं जुनेच परत बसवले असतील," विजयसिंह म्हणाले.

"कुठून आणले? मिस्त्री म्हणतात, जुने त्यांच्या पोत्यात आहेत, त्या दिवसापासून."

"दुसऱ्या गाडीचे आणले असतील," अजिनाथ घाईने म्हणाला. "परळीला जाणाऱ्या गाड्या का कमी हायेत?"

"तर मग तुमचे दोन तरी या गाडीचे हवेत. मामा, गाडीखाली काय पाहिलंत?"

मामांचा हात आधी कपाळावरच्या टेंगळाकडे गेला. मग ते फरशीकडे बघत राहिले. "एक लांब. एक आखूड."

"गिअरबॉक्स एका बाजूला असतो, म्हणून. आणि हे बघा, एकाच लांबीचे, जुळे भाऊ. दोन्ही उजवीकडचे, दोन वेगळ्या गाड्यांचे. गिऱ्हाईक काढलेला माल मागतं, म्हणून यांनी दाखवायचं एक पोतंच ठेवलंय. मागणारे हात लावत नाहीत, हे यांना माहीत. किती जणांना दाखवलंत, अजिनाथ?"

अजिनाथ पोत्याची घडी घालू लागला.

"आमच्या कचेरीत एकच फाईल सहा साहेबांना दाखवायचे," मामा कडाडले, "पण त्यात कुणाच्या आईचा हात मोडत नव्हता."

तक्रार चारच्या आधीच गेली. नाव तेवढं बदललं. विजयसिंहांनी हरिबाला बाजूला घेतलं, खांद्यावर हात टाकला. "झालं गेलं सोडून दे. उद्यापासून ये कामावर."

हरिबा मान हलवणारच होता. साखराबाई मध्ये आल्या.

"चोर म्हणताना चारचौघात म्हणलात, दादा. आता कानात कशाला सांगताव?"

विजयसिंहांनी एकदा आईकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं. ते पायरीवर चढले. सभा गाजवणारा तो आवाज कसाबसा निघाला. "हरिबानं चोरी केली न्हाई. मी खोटा आळ घेतला."

साखराबाईंनी पदर खोचला.

"मागच्यांना ऐकू न्हाई आलं," त्या म्हणाल्या.