उजवीकडची सही

पहिली खटकलेली गोष्ट अगदी क्षुल्लक होती. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे एक पेन्सिल पडली होती, आणि तिला नुकतंच टोक काढलेलं होतं.

सकाळचे नऊ वाजले होते. वाचनाच्या खोलीचं कुलूप म्हाताऱ्या कारकुनांनी तिच्यादेखतच उघडलं होतं. आत खिडकी नव्हती. लांबट टेबल, दोन बाजूंना समोरासमोर दोन खुर्च्या, भिंतीला लागून फायलींची कपाटं, बस्स. तरीही आत पाऊल टाकताच लाकडाच्या ताज्या सालपटांचा वास आला.

"काका, इथे आत्ता कोणी होतं का?"

"कुलूप बघितलंस ना, बाळ?" कारकून म्हणाले. त्यांच्या ओठांत सदा एक टाचणी धरलेली असे, म्हणून सगळं कार्यालय त्यांना टाचणीकाका म्हणे. टाचणी असली की शब्द मोजकेच बाहेर पडत.

ती खुर्ची ओढून बसली. पहिल्याच दिवशी घाबरट म्हणून शिक्का बसायला नको होता. घरी तो बसलेलाच होता. दार आपटलं तरी दचकते म्हणून ताई तिला ससुली म्हणायची. आईवडिलांच्या मागे ताईनेच तिला वाढवलं, कायद्याच्या चौथ्या वर्षापर्यंत आणलं. आता पंधरा दिवस या वकिलांकडे काम शिकायचं होतं. मोठमोठ्या कंपन्यांचे करार इथे होत. दरवर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांतल्या एकाच जणासाठी पदवीनंतरची खुर्ची राखून ठेवत. ती मिळाली की ताईच्या डोक्यावरचा भार उतरणार होता.

टाचणीकाकांनी काम समजावलं. कोणताही करार पक्का होण्याआधी दोघांनी ताडून बघायचा. एकाने मसुदा मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. समोरच्याने पक्की प्रत धरून ऐकायचं. परिच्छेद बरोबर असेल तर पेन्सिलीने टेबलावर एकच टक. चूक असेल तर दोन, म्हणजे वाचणाऱ्याने मागे जायचं. शेवटी पानाच्या तळाशी डावीकडे वाचणाऱ्याची सही, उजवीकडे ताडणाऱ्याची.

"मग माझ्यासमोर कोण बसणार?"

"तू वाचून ठेव. ताडणारी ताडते."

"म्हणजे दुसरी मुलगी आहे? ती कधी येते?"

काकांनी ओठांतली टाचणी काढली. "तिची वेळ निराळी. ती पण पंधरा दिवसांसाठीच आली होती... तू एवढंच पाळ. उजवीकडच्या सहीला हात लावायचा नाही. इथे ज्याची सही, त्याची खुर्ची."

'आली होती' हे शब्द तेव्हा तिच्या कानाआड गेले. मनात राहिलं ते एवढंच, की दुसरी आहे.

त्या दिवशी ती एकटीच रिकाम्या खुर्चीला करार वाचून दाखवत बसली. वेड्यासारखंच वाटत होतं. संध्याकाळी डावीकडे सह्या करून तिने गठ्ठा पलीकडे सरकवला आणि निघाली. सकाळी बघते तो प्रत्येक पानावर उजवीकडे पेन्सिलीतच केलेली बारीकशी सही, मासे धरायच्या गळासारखी वळलेली. आणि समासात पेन्सिलीने टिपलेल्या चुका. अकरा. सगळ्या तिच्या नजरेतून सुटलेल्या.

मोठ्या वकीलबाईंनी तिला बोलावलं. मॅडमना माणसं चेहऱ्याने नव्हे, सहीने कळत. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ही उजवी बाजू बघ. असं काम हवं. तुझं लक्ष कुठे असतं?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

रात्री जेवताना तिने सगळं ओकून टाकलं. ताईला हसू आवरेना. "न बघितलेल्या बाईवर जळतेस? लग्नाआधीच सवत केलीस की गं!"

"हस तू. माझी खुर्ची ती नेणार."

"नेऊ दे. घरी खुर्च्या आहेत चार. त्यातली एक मोडकी आहे, ती तुझी."

ताईने हसण्यावारी नेलं, पण हिच्या पोटातलं काही विझेना. आठ दिवस तिने मान मोडून काम केलं. ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. अकराच्या सहा झाल्या, सहाच्या तीन. पण तीन होत्याच, गळासारख्या सहीच्या शेजारी. ती एकदा मुद्दाम उशिरापर्यंत थांबली, कोणी आलं नाही. एकदा पहाटेच आली, खोलीला कुलूप होतं, आणि काकांनी ते उघडलं तेव्हा आत सह्या झालेल्या होत्या. तिला दुसरीचा चेहरा दिसू लागला. नीट विंचरलेले केस, न घाबरणारे डोळे. अशी मुलगी कशालाही दचकत नसणार. ताईलासुद्धा अशीच बहीण आवडली असती, असं एकदा मनात येऊन गेलं आणि तिने ताट बाजूला सारलं.

नवव्या दिवशी वाचता वाचता तिच्याकडून एक ओळ गळली.

टक, टक.

ती थिजली. समोर खुर्ची रिकामी. पेन्सिल जागच्या जागी. नळाचा आवाज असेल, तिने स्वतःला बजावलं. मग मागे जाऊन गळलेली ओळ वाचली, अगदी हळू...

टक.

आता तुम्ही म्हणाल, तिथूनच पळायचं. शहाणी असती तर पळाली असती. पण मत्सर भीतीपेक्षा चिवट असतो. तिला भीती वाटली खरी, पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की बघा, इथेही हिचंच बरोबर निघालं.

शेवटचा दिवस शनिवार होता. कार्यालय अर्धा दिवस. दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाचा बेचाळीस पानी करार तिने आदल्या दिवशी वाचून ठेवला होता. मॅडम सोमवारी तोच बघून खुर्ची कोणाची ते ठरवणार होत्या. दुपारी दोनला सगळे गेले. काकांनी दारातून विचारलं, "येतेस ना, बाळ?"

"पाच मिनिटं, काका. आवरते आणि निघते."

"कार्ड आहे ना जवळ? बाहेरचं दार त्याशिवाय उघडत नाही. आणि वहीत वेळ लिही जाताना."

पावलं लांब गेली. तिने गठ्ठा ओढला. सगळ्या पानांवर गळ. समासात सात चुका, त्यातली एक अशी, की ती राहिली असती तर अख्खा करार उलटा फिरला असता.

तिने खोडरबर काढलं.

एकेक गळ पुसायला वेळ लागला. दाबून केलेली सही, पुसली तरी कागदावर खोलगट वळण राहत होतं. ती त्या वळणावर पेनाने स्वतःची सही करत गेली. चुकांच्या खुणा तशाच ठेवल्या. त्या आता तिने पकडलेल्या होत्या. डावीकडच्या स्वतःच्या सह्यांवर तिने पांढरी शाई फिरवली. वाचणारा कोणी का असेना.

बेचाळिसाव्या पानावर सही झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण पलीकडच्या खुर्चीत बसलो आहोत. कधी उठलो, कधी आलो... आठवेना. सालपटांचा वास आता तिच्याच बोटांना येत होता.

समोर तिची खुर्ची. पाठीला टांगलेला तिचा हिरवा स्वेटर तिथे नव्हता. पिशवीही नव्हती.

"काका?" तिने हाक मारली. "काका... आहात का?"

ती धावत बाहेर आली. लांबलचक मार्गिका, बंद केबिनी, सगळीकडे दुपारचं लख्ख ऊन. दर्शनी काचेच्या दाराशी येऊन तिने दार ओढलं. हललं नाही. कार्ड पिशवीत, फोन पिशवीत. काचेपलीकडे लिफ्टचा बाण खाली जात होता.

टेबलावर ये-जा लिहायची वही उघडी होती. शेवटच्या ओळीत तिचं नाव. बाहेर जाण्याची वेळ, तीन वीस. अक्षर तिचंच, शाई ओली. आणि शेजारी सही, तिचीच, हुबेहूब. जराही न दचकलेल्या हाताची.

तिने कार्यालयाच्या फोनवरून ताईचा नंबर फिरवला. तोच एक पाठ होता. अनोळखी नंबर ताई उचलत नसे. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा. दार बडवलं, ओरडली. शनिवारची इमारत, ऐकणार कोण? घरी पोचायला वीस मिनिटं लागतात, हे तिला ठाऊक होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे ती बघत नव्हती. तरी डोळ्यांपुढे येत होतं, जिना चढणारा हिरवा स्वेटर. दार उघडणारी ताई. चार खुर्च्या, त्यातली मोडकी. असा मत्सर तिला आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता.

चार वाजता फोन उचलला गेला.

"ताई! ताई, मी बोलतेय... मी ससुली..."

पलीकडून घरातले आवाज आले. भांडी लावल्याचे, पंख्याचे. आणि स्वयंपाकघरातून, लांबून, ताईचा हसरा आवाज.

"ससुले, कोणाचा गं फोन?"

उत्तर आलं नाही. फक्त तिच्या कानाशी, अगदी जवळ, लाकडावर लाकूड वाजलं.

टक, टक.