बकुळाबाईच्या पोटातला हात

दूध संपवा आणि ते मोबाइल खिशात टाका. चांदणं पुरेसं आहे. गोष्ट इथलीच आहे, मुलुंडची, आणि ज्याच्यावर ती गुदरली तो अजून जिवंत आहे. माणूस भला नव्हे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर उगाच हळहळायला नको.

चंद्रप्रकाश त्याचं नाव. तुमच्या आईबापांना विचारा, ओळखतील. ते शाळेत होते तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर ‘बकुळाबाईची शाळा’ लागायची. बकुळाबाई म्हणजे शेळी, चष्मा लावलेली, हातात घालायची बाहुली. टेबलावर शेळी आणि बाजूच्या खुर्चीत झब्बा घालून हा. हा अक्कल शिकवायचा आणि ती त्याची फिरकी घ्यायची. पोरं बघायची तिच्यासाठी, पत्रं यायची तिला, नाव मात्र झालं ह्याचं.

मी तिथे लाइटवाला होतो. टेबलाखाली कोण बसतं ते मला रोज दिसायचं. प्रेमा बसायची. मालवणकडची, वाकोल्याला राहणारी. शेळीतला हात तिचा, आवाज तिचा, आणि निम्म्या कोट्या तिला ऐनवेळी सुचलेल्या.

कार्यक्रम बंद पडला आणि चंद्रप्रकाश त्या शेळीवर उरलेला जन्म जगला. शाळांची गॅदरिंग, सत्कार, दिवाळी अंकातल्या मुलाखती. जाईल तिथे पडद्यामागचे किस्से. शेळीची दाढी म्हणजे त्याचा दाढीचा ब्रश, हे खरं होतं. शिंगं म्हणजे छत्रीच्या मुठी, हेही खरं. आणि मग हळूच, मान वाकडी करून म्हणायचा, आवाज माझाच हो. लोक टाळ्या वाजवायचे. वयाने माणूस पिकतो म्हणतात. हा नुसता सडला.

माझी भाची सई जुन्या कार्यक्रमांवर व्हिडिओ बनवते. गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी ती त्याची मुलाखत घ्यायला गेली. कामाला गेली होती, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. जयंतीवहिनी, म्हणजे त्याची बायको, खाली सोसायटीच्या तुळशीपाशी गेल्या होत्या. घरात हे दोघंच. सईने मोबाइल स्टँडवर लावला. ह्याने काचेच्या कपाटातून बकुळाबाई काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि किस्से सुरू केले.

सईला मी प्रेमाबद्दल सांगितलं होतं. तिने सरळ विचारलं, की टेबलाखाली एक बाई असायच्या ना?

तो हसला. म्हणाला, असायची एक. बाहुली धरायला कोणीतरी लागतं ना खाली. मग त्याने तो किस्सा सांगितला. एकदा प्रेमा तापाने फणफणली होती. वर दिव्यांचा उकाडा. चालू शॉटमध्ये ती खाली बेशुद्ध पडली. शेळीची मान लवंडली. तर हा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, शू... बकुळाबाईंना झोप लागली. आणि शॉट पुरा केला. काय प्रसंगावधान, म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत होता.

पुढचं त्याने सांगितलं नाही, ते मी सांगतो. त्याने तिला पायाने बाजूला सरकवलं होतं. मी पाहिलं. आणि पुढच्या आठवड्यात वर जाऊन साहेबांना सांगून आला, की बाईचा भरवसा नाही, दुसरी बघा. प्रेमा परत आली नाही. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वाकोल्याला वारली. हा मातीलाही आला नाही.

असो. किस्सा संपला. सई म्हणाली, जरा आवाज काढून दाखवाल? त्याने ऐटीत बकुळाबाई उचलली. खालच्या इलॅस्टिकमधून हात कोपरापर्यंत आत घातला.

आणि थांबला.

सईला वाटलं, आठवतोय. मग त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, काहीतरी चावलं. तो म्हणाला, “आत... कोणीतरी आहे.”

बाहेर फटाके चालू होते. ते थांबले. खाली मंगलाष्टकं चालू होती, तीही ऐकू येईनात.

त्याने हात ओढला. निघेना. परत ओढला. शेळीची मान हळूहळू वर झाली. त्याच्याकडे वळली.

सई सांगते, त्याचे ओठ मिटलेले होते. तिने नीट बघितलं. ओठ मिटलेले... आणि आवाज शेळीतून आला. बारीक. दमलेला.

“हंय माझो हात आसा.”

हंय म्हणजे इथे. सईने मला हे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. बकुळाबाई टीव्हीवर शुद्ध बोलायची. मालवणी बोलायची ती प्रेमा, टेबलाखालून, आम्हा लाइटवाल्यांशी. सई बोरिवलीत वाढलेली. तिला मालवणी कुठून येणार?

तो पांढराफटक पडला होता. सोड, म्हणत होता. सोड ना.

शेळीचं तोंड परत उघडलं.

“चेडवाक सांग. आवाज कोणाचो?”

चेडू म्हणजे मुलगी. सईला सांग, म्हणत होती.

आता मला सांगा. मेलेल्या बाईने आतून बोटं धरलीत. एक नाव घ्यायचं. तीन अक्षरंही नाहीत. तुम्ही काय कराल?

तो हात ओढत राहिला.

“आवाज... कोणाचो?”

तो म्हणाला, “माझा.”

...

सई म्हणते, शेळीने तोंड मिटलं. हळू मिटलं. आणि तो ओरडायला लागला.

जयंतीवहिनी प्रसादाचं ताट घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ताट टाकलं, कात्री आणली, शेळी उभी कापली. आत फक्त त्याचाच हात होता. चार बोटं वर, अंगठा खाली, शेळीच्या तोंडासारखी घट्ट मिटलेली. ती अजून उघडलेली नाहीत. डॉक्टर म्हणतात हाडं ठीक, नसा ठीक.

काय रे मिहिर? व्हिडिओ? आहे ना. मी पाहिलाय. त्यात दुसरा आवाजच नाही. शेळीकडे बघून एक म्हातारा घामाघूम होऊन एकटाच म्हणतो, “माझा.” सईने तो कुठे टाकला नाही.

शेळीचे तुकडे वहिनींनी दुसऱ्या दिवशी खाडीत सोडले. नंतर एकदा त्यांनीच मला बोलावलं, सकाळी, तो झोपेतून उठायच्या आत. त्याची बाही वर केली.

कोपराच्या खाली, हाताभोवती, एक वळ होता. बारीक चुण्यांचा, लालसर. मोजा काढल्यावर पायावर इलॅस्टिकचा उठतो ना... तसा.

वहिनी म्हणाल्या, “दुपारपर्यंत जातो. सकाळी परत असतो.”