देवानंदच्या वाट्याचा चहा

ठिबक सिंचनाच्या नळ्या विकणाऱ्या अकोल्याच्या त्या कंपनीत साहेबांनी नियम काढला, की दौऱ्यावर एका खोलीत दोन माणसं राहतील. सगळ्यांनी नाकं मुरडली. दिवसभर संत्र्याच्या बागा तुडवायच्या आणि निजायच्या वेळी दुसऱ्याचं घोरणं ऐकायचं, हे कुणाला आवडणार? पण जीवनचं नशीब बरं. त्याच्या वाट्याला देवानंद आला, आणि देवानंद खोलीत राहायचाच नाही.

त्याचं घर अमरावतीजवळ भातकुलीला. अमरावतीच्या लॉजवर बॅग टाकली, की तो संध्याकाळच्या एसटीनं घरी पळायचा आणि सकाळी कामाच्या वेळेला परत यायचा. आई, पार्बताबाई, अंथरुणाला खिळलेली. तिचा सगळा जीव या एकुलत्या एका पोरात. आणि साहेब असा खडूस, की दौऱ्यावरचा माणूस घरी गेला असं कळलं तर नोकरी गेलीच समजा. रोज सकाळी लॉजवर फोन करून दोघं आहेत ना, हे तो विचारायचाच. नोकरी गेली तर आईचं औषधपाणी कुठून करणार?

"मी खोलीतच होतो असं दाखव, बस," देवानंद म्हणाला होता. "बाकी मी पाहून घेतो."

जीवननं ते अगदी मनापासून केलं. उठल्याबरोबर दुसऱ्या पलंगावर लोळून चादर चुरगाळायची, उशीत डोकं रुतवायचं, दुसरा टॉवेल भिजवून खिडकीच्या गजाला टांगायचा. लॉजचे गफ्फारचाचा दोन चहा ठेवून गेले, की दुसराही आपणच प्यायचा. देवानंदला चहा बशीत ओतून प्यायची सवय, म्हणून बशीही ओली करून ठेवायची. एवढा बारकावा त्याला कुणी सांगितला नव्हता. पण खोटं कशाला बोला, या कामाची त्याला गोडी लागली होती.

एका दौऱ्यात कप उचलता उचलता चाचा म्हणाले, "देवानंदभाऊ लई खोकलून राहिले. बाहेरपर्यंत आवाज येते. दवा घ्यायले सांगा त्यायले."

जीवनला वाटलं, म्हाताऱ्याला सगळं ठाऊक आहे आणि तो आपल्याला सांभाळून घेतोय. भला माणूस! त्यानं मान डोलावली आणि विषय सोडून दिला.

पुढच्या खेपेला त्याला उशिरा जाग आली. साहेबांच्या फोनची वेळ झालेली. धडपडत उठून तो दुसऱ्या पलंगाकडे वळला आणि जागीच थबकला. चादर आधीच चुरगाळलेली होती. उशीत खळगा पडला होता. गजावरच्या टॉवेलातून पाणी गळत होतं. टेबलावर दुसरा कप रिकामा, आणि बशीच्या काठाला चहाचा ओघळ. झोपेच्या गुंगीत आपणच केलं असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं. मग उशीवर हात ठेवून पाहिला. उशी कोमट होती.

त्याच दिवशी अचलपूरकडच्या एका बागेत मालकानं पाण्याचा एकच गिलास आणला. देवानंद नेहमीसारखा नळ्यांची माहिती सांगत होता. चांगला घसा ताणून सांगत होता. मालक जीवनकडेच बघत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "आले तवापासून तुमी गप्पच काहून उभे हा?"

देवानंद हसला. ते हसू जीवनला बघवेना.

दौरा संपवून अकोल्याला परतल्यावर वर्षालीचा फोन आला. देवानंदची बायको ती. एरवी सणावारालाच बोलायची. आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग मुद्द्यावर आली.

"जीवनभाऊ, हे घरी येतात. पण चहा ठेवला तसाच निवते. सकाळी गादीवर एक वळी नसते."

दमत असतील, असं काहीतरी जीवन बोलला.

"परवा आईजवळ बसले होते, त्यायचा हात धरून. अन् आई मले विचारतात, माहा देवा काहून नाई आला?"

फोन ठेवल्यावर जीवन रडला. हे आपल्या हातून झालं, एवढं त्याला कळत होतं. कसं झालं, ते काही केल्या कळेना. आईला तिचा पोरगा परत मिळायला हवा, बाकी नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

पुढच्या दौऱ्यात अमरावतीला पोचताच त्यानं दुसऱ्या पलंगाची चादर ताणून बसवली. दुसरा टॉवेल कोरडाच चाचांना परत केला. चहाही एकच सांगितला. देवानंद बॅग टाकून निघाला, तेव्हा जीवन दारात आडवा उभा राहिला.

"भाऊ, आज घरी नका जाऊ. इथंच निजा. तुमच्या पलंगावर."

"अन् आई?"

"आईसाठीच सांगून राहिलो."

देवानंदनं वाद घातला नाही. फार थकला होता. तो जाऊन पलंगाच्या कडेवर बसला.

गादी दबली नाही.

जीवन बघत राहिला. ताणलेली चादर देवानंदच्या खाली तशीच सपाट होती.

मग भिंतीकडच्या बाजूला, उशीजवळ, चादरीला एक वळी पडली. हळूच दुसरी पडली. कुणीतरी सरकून जागा करून द्यावी, तशी गादी पलीकडे दबत गेली.

दार ढकलून चाचा आत आले. हातात दोन चहा. एकच सांगितला होता, असं जीवन कसंबसं बोलला.

"देवानंदभाऊनं आवाज देल्ला ना अंदरून," चाचा म्हणाले. देवानंदच्या तोंडासमोरून हात नेऊन त्यांनी दुसरा चहा उशाशी ठेवला आणि दार ओढून घेतलं.

"माह्या वाट्याचा आहे तो," देवानंद म्हणाला. त्याचा आवाज जेमतेम जीवनपर्यंत पोचला.

उशाशी बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

देवानंदचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते.