एका पायाचं अस्वल

"हलू नका! कोणीही हलू नका!"

हेइकामामाने दोन्ही हात असे पसरले, जणू समोरची जमीनच खचली होती. त्याच्यामागचे सात पाहुणे जागच्या जागी थिजले. आठव्या पाहुण्या, जर्मनीहून आलेल्या लोटेबाई, डास मारायला उचललेला हात तसाच हवेत ठेवून उभ्या राहिल्या.

"पाहा," मामा कुजबुजला.

ओढ्याकाठच्या चिखलात पंजांचे ठसे होते. ताटलीएवढे! पाच बोटं, पाच नख्या.

"अस्व..." नऊ वर्षांचा बिएरा ओरडणार, तेवढ्यात त्याचा मोठा भाऊ योव्ना याने त्याचं तोंड दाबलं.

"नाव घेऊ नकोस, बावळटा! केसाळ आजोबा म्हण!"

रानात त्या जनावराचं नाव कोणी घेत नसे. नाव घेतलं की ते ऐकतं.

"केसाळ आजोबा," बिएरा योव्नाच्या बोटांच्या फटीतून म्हणाला. "बरं झालं, आपले आजोबा टकले आहेत."

पाहुण्यांचे कॅमेरे किटकिट वाजू लागले. मामाची छाती फुगली. 'केसाळ आजोबांच्या राज्यात पाच दिवस' अशी त्याच्या सहलीची पत्रकं तालुक्याच्या गावी प्रत्येक दुकानात लावलेली होती. पण गेल्या तीन उन्हाळ्यांत त्याच्या पाहुण्यांना दिसलं होतं काय? रेनडिअर, डास, आणि मामाच्याच टोपीवर हल्ला करणारी एक चिडकी रानकोंबडी. या आठवड्यात मात्र चौथ्यांदा ठसे सापडले होते!

सगळे आनंदात होते. फक्त सुन्नाचं तोंड एवढंसं झालं होतं.

सुन्ना ही योव्ना आणि बिएराची मावसबहीण, बारा वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती शहरातून आजोबांकडे आली होती ती एकाच कामासाठी. या वर्षी तिला स्वतःची कानखूण मिळाली होती. पाडसाच्या दोन्ही कानांना सुरीने बारीक खाचा पाडायच्या, म्हणजे ते कोणाचं हे जन्मभर कळतं. आजोबांनी त्यांच्या पांढऱ्या रेनडिअरचं पाडस तिला कबूल केलं होतं. महिनाभर ती बर्चच्या सालीवर खाचा पाडायचा सराव करत होती.

आणि आता हे ठसे! खुणा करायच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर! केसाळ आजोबा फिरत असताना कळप खाली आणायचा नाही, पंधरा दिवस थांबायचं, असं गावातल्या मोठ्या माणसांनी कालच ठरवलं होतं. सुन्नाची परतीची बस शनिवारी होती.

पाहुणे पुढे गेले. कॉफीची किटली घेऊन मागे राहिलेली तिघं ठशांपाशी वाकली.

"योव्ना," सुन्ना हळूच म्हणाली, "हा डावा पंजा आहे."

"असेल."

"हाही डावा. तोही. पलीकडचाही."

महिनाभर डावा कान, उजवा कान करून तिची नजर अशी झाली होती, की चमचा दिसला तरी डावी बाजू कोणती हे ती आधी बघे.

"तुला काय माहीत डावा?"

"माणसाचं जाड बोट आतल्या बाजूला असतं, यांचं बाहेरच्या. आणि इथे सगळी जाड बोटं डावीकडेच आहेत. शिवाय मागचे पाय कुठे गेले? ते तर माणसाच्या पावलासारखे लांबट उमटतात!"

बिएराने मान वाकडी करून पाहिलं. "म्हणजे ते लंगडी घालत आलं?"

"ओढ्यापासून कुंपणापर्यंत?"

"दमलं असेल बिचारं!"

योव्ना हसून चिखलात बसलाच. पण सुन्ना हसत नव्हती. तिने नाक चिखलाला टेकेल इतकं वाकून ठशाच्या टाचेकडे बोट दाखवलं. तिथे नखाएवढे दोन कान उमटलेले होते. डाव्या कानाचं टोक दुभंगलेलं. उजव्याला दोन खाचा.

योव्नाचं हसू थांबलं.

ती आजोबांची खूण होती. गावात कोणीही लाकडाची वस्तू केली, मग तो पेला असो की पळी, की तिच्यावर आपली खूण कोरल्याशिवाय त्याच्या हातातली सुरी खालीच येत नसे. हा पंजा कोणीतरी लाकडाचा केला होता. आणि सवयीने त्याच्यावरही खूण कोरली होती!

"आजोबा?" बिएरा पुटपुटला. "पण का?"

सुन्नाने बुटाच्या टाचेने ते दोन कान पुसून टाकले. आजोबांना आपल्याला पाडस द्यायचंच नाही की काय? मग सरळ तसं सांगायचं!

दुपारी तंबूत आजोबा कॉफीत चीजचे तुकडे टाकत होते. "सुन्ने, तोंड का पाडलंयस? केसाळ आजोबा जाईल निघून. पाडस काही पळून जात नाही."

"माझी बस जाते ना पण," सुन्ना म्हणाली आणि बाहेर पाहत राहिली.

बिएराला काळजी फार वेळ झेपत नसे. तो आजोबांच्या लाकडी कॉफीपेटीवर गाल टेकून झोपून गेला. अर्ध्या तासाने तो उठला, तेव्हा योव्ना खोखो हसू लागला.

"अरे, हा बघ मामाचा झाला! याच्या गालावर मामाची खूण!"

सुन्नाने पाहिलं. बिएराच्या लाल गालावर दोन कान उमटले होते. डाव्याला दोन खाचा. उजव्याचं टोक दुभंगलेलं. खरंच, मामाचीच खूण! मामा लहान असताना आजोबांनी आपल्याच खाचा कान बदलून त्याला दिल्या होत्या.

पण पेटी तर आजोबांची होती.

ती ताडकन उठली. पेटीवर आजोबांची खूण, गालावर मामाची! तिने दोघांना ओढत बाहेर नेलं.

"ठसा उलटा उमटतो! आरशात दिसतो तसा! चिखलात आजोबांची खूण दिसली, म्हणजे लाकडावर..."

"मामाची!" दोघं एकदम ओरडले.

"चला, आत्ताच विचारू मामाला," योव्ना म्हणाला.

"तो कबूल करेल? तो म्हणेल, चिखलात बघा, बाबांची खूण आहे." सुन्नाने ओठ चावला. "चिखलातला ठसा पुन्हा उलटा करायला हवा. बिएरा, आजीच्या डब्यात चरबी किती आहे?"

दुसऱ्या दिवशी सहलीला आजोबाही निघाले, तेव्हा मामा गडबडला.

"बाबा, तुम्ही कशाला? तुमचे गुडघे..."

"नातीला शाळेसाठी काहीतरी करायचंय म्हणे. मी आणि माझे गुडघे, दोघं बघायला येतोय."

ओढ्याकाठी आज नवे ठसे होते. पाहुण्यांच्या कॉफीसाठी पेटवलेल्या जाळावर सुन्नाने रेनडिअरची चरबी वितळवली.

"सुन्ना, हे काय?" मामाने विचारलं.

"साचा काढतेय, मामा. विज्ञानाच्या बाईंना दाखवायला."

"वा! विज्ञान!" लोटेबाई गुडघ्यांवर बसल्या. "मी भांडं धरते!"

"नको, नको! चरबीच्या वासाने ते परत येईल!" मामा म्हणाला.

"मग तर छानच!" लोटेबाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर आम्ही आलोय!"

चरबी ठशात ओतली गेली. थंड वाऱ्यात ती घट्ट होईपर्यंत सगळे कॉफी पीत बसले. लोटेबाईंनी हसून आजोबांना विचारलं, "तुमच्याकडे एकूण किती रेनडिअर आहेत हो?"

योव्नाचा पेला ओठांशीच थांबला. बिएराने तर डोळेच मिटले. असं कोणी कोणाला विचारत नाही! हे म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालण्यासारखं! पण आजोबा मुळीच रागावले नाहीत.

"काही झाडाच्या अलीकडे," ते म्हणाले, "काही पलीकडे."

मग सुन्नाने साचा उचलला, ओढ्यात धुतला आणि आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी पंजा सावकाश उलटसुलट केला. टाचेशी त्यांचा अंगठा थांबला. मामाला अचानक आभाळ फार बघण्यासारखं वाटू लागलं.

"हेइका," आजोबा म्हणाले, "तुझ्या केसाळ आजोबाला कान टाचेत आहेत."

"कुठे?"

"इथे. डाव्याला दोन खाचा, उजवा दुभंगलेला. कोणाचे असतील बरं?"

मामाचा चेहरा बीटासारखा झाला. "तीन उन्हाळे, बाबा! तीन उन्हाळे लोकांना मी फक्त डास दाखवतोय! म्हटलं, थोडे ठसे..."

"आणि सगळे डावे?" सुन्नाने विचारलं.

"दुसरा पंजा कोरायला वेळ नाही मिळाला."

"पण कुंपणाजवळ कशाला?" योव्ना म्हणाला.

"इथला चिखल चांगला आहे रे! आणि मग मोठी माणसं इतकी गंभीर झाली, की खरं सांगायचा धीरच होईना."

"माझी बस शनिवारी आहे, मामा," सुन्ना म्हणाली.

मामाने तिच्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. पाडसाचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "आत्ता जातो," तो म्हणाला. "प्रत्येक घरी. स्वतः सांगतो."

पाहुणे चिडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण लाकडी पंजा कुठे लपवलाय ते त्यांनी मामाकडून काढून घेतलं आणि दुपारभर आळीपाळीने चिखलात ठसे उमटवले. लोटेबाईंचं अस्वल तर एका जागी गोल गोल फिरलं!

गुरुवारी कळप खाली आला. धूळ, घंटा, पाडसांची ओरड! मामाने स्वतः दोर टाकून पांढऱ्या रेनडिअरचं पाडस पकडलं आणि सुन्नासमोर धरलं. तिचा हात कमरेच्या सुरीकडे गेला.

"ती नको," आजोबा म्हणाले आणि त्यांनी आपली सुरी पुढे केली. ती सुरी त्यांनी आजवर कोणालाही दिली नव्हती. "ज्याला चिखलातले कान वाचता येतात, त्याला ही शोभते."

कुंपणावर वाकलेले म्हातारे हसले आणि त्यांनी टोप्या हलवल्या. "टकल्या आजोबाची नात तयार आहे!" कोणीतरी ओरडलं. योव्नाने शिट्टी मारली. बिएरा सगळ्यांना सांगत सुटला, "मुख्य पुरावा माझ्या गालावर होता!"

डावा कान. उजवा कान. झालं! पाडसाने डोकं झटकलं आणि ते आईकडे पळालं.

शनिवारी बस थांब्यावर लोटेबाईही होत्या. सुन्नाला निरोप द्यायला आजोबा आले होते.

"आता तूही मालकीण झालीस!" लोटेबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे किती रेनडिअर आहेत?"

सुन्नाने खांदे ताठ केले. तिने एकदा डोंगराकडे पाहिलं. तिथे कुठेतरी तिचं एकुलतं एक पाडस चरत होतं.

"काही झाडाच्या अलीकडे," ती म्हणाली, "काही पलीकडे."

आजोबांनी घाईघाईने तोंड दुसरीकडे फिरवलं. पण त्यांचे खांदे हलत होते.