पहिलं पान

बॉडमिन गावातल्या एका पबच्या जिन्यात टॅम्सिन ट्रेलोअर एका तरुणावर आदळली, तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग होता आणि त्याच्या हातात सफरचंदाच्या सायडरचे दोन ग्लास. त्यातला एक तिच्या कोटावर रिकामा झाला.

"माफ करा..." तो म्हणाला. त्याच्या छातीवर जुन्या गाड्यांच्या क्लबचा बिल्ला होता.

"तुमच्या क्लबला माफी नाही," ती म्हणाली. "वर ते सगळे म्हातारे ठाण मांडून बसलेत. गाडी दुरुस्तीची माहिती फक्त सभासदांना. आणि सभासद कोण, तर ज्याची गाडी स्वतःच्या चाकांवर सभेला येते तो. अहो, माझी गाडी चालत असती तर मी तुमचा जिना कशाला चढले असते?"

तो हसला. ते तिला मुळीच आवडलं नाही. म्हणजे, थोडंसं आवडलं... आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

गाडी होती हॅलार्ड, उघड्या टपाची, गडद हिरवी. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. कारखान्याचे उरलेसुरले कागद होते फक्त या क्लबच्या एका खोक्यात. वडिलांनी जाताना गाडी टॅम्सिनला दिली आणि शेत तिच्या भावाला, डेन्झिलला. टॅम्सिन राहायची बेकरीवरच्या एका खोलीत, म्हणून गाडी डेन्झिलच्या कोठारात धूळ खात उभी होती. त्याला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या.

"सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत चालती केलीस तर राहू दे कोठारात," त्याने बजावलं होतं. "नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय."

ही गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

"ते खोकं माझ्याच ताब्यात असतं," जिन्यातला तो तरुण म्हणाला. त्याचं नाव जोरी. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. "नियम असा, की बाहेरच्यांना कागद दाखवायचे नाहीत. वाचून दाखवायचे नाहीत, असं कुठेच लिहिलेलं नाही."

मग दर गुरुवारी, पबच्या मागच्या खोलीत, तो वाचायचा आणि ती वहीत उतरवायची. खिडकीवर पाऊस टपटपत असायचा.

"'हा नट हलक्या हाताने, पण ठामपणे आवळावा,'" त्याने एकदा वाचलं.

"म्हणजे किती?"

"हात दे."

त्याने तिचं मनगट बोटांत धरलं. हलक्या हाताने... पण ठामपणे.

"कळलं?"

"नाही," टॅम्सिन म्हणाली. "पुन्हा सांग."

असे सात गुरुवार गेले. मधल्या दिवसांत ती कोठारात वही समोर ठेवून गाडी जुळवत होती. मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, इंजिन धडधडत सुरू झालं आणि टॅम्सिनला रडूच कोसळलं. पण गाडी बारा-पंधरा मैल गेली आणि रस्त्यातच बंद पडली. बॅटरी पार उतरली होती. तिने वाटेतल्या फोनवरून जोरीला गाठलं.

"चालताना वीज दाखवणारा काटा उलटा जात होता," ती म्हणाली.

"बॅटरीची कुठली तार गाडीच्या अंगाला जोडलीस?"

"मायनस. सगळ्या गाड्यांना असते तशीच."

"टॅम्सिन... या जुन्या गाड्यांना प्लस जोडतात. उलटं जोडलं की बॅटरी भरत नाही, उतरत जाते."

"कुठे लिहिलंय?"

"पहिल्या पानावर. ते मी वाचलंच नाही. क्लबात ते कुणीच वाचत नाही, सगळ्यांना पाठ असतं."

अर्ध्या तासात तो भरलेली बॅटरी घेऊन आला. तिने ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली. दोघांनी पावसात तारा बदलल्या. इंजिन सुरू झालं, काटा सरळ वर गेला.

"आणखी एक सांगायचंय," जोरी म्हणाला. "खोक्यात अकराच पानं आहेत. दोन गुरुवारांत संपली असती. मी मुद्दाम पुरवून पुरवून वाचली."

"म्हणजे त्या नादात गाडी भंगारात गेली असती?"

"हो. चुकलंच माझं. पण वाचून संपल्यावर तू यायची बंद झाली असतीस."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जोरीला शेजारी बसवून ती शेतावर गेली आणि गाडी डेन्झिलच्या दारातच उभी केली. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"चालते ना? मग घेऊन जा," तो म्हणाला. "कोठार मला लागणारच आहे."

"तू शब्द दिला होतास."

"चालेल असं वाटलं नव्हतं, टॅम."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मला काही जमेल असं तुला कधीच वाटत नाही. राहू दे तुझं कोठार. गाडी बाबांनी मला दिलीय, आणि तिच्यासाठी मी तुझ्या दारात पुन्हा हात पसरणार नाही."

जोरी खाली उतरला, तिच्या बाजूच्या दारापाशी आला.

"माझ्या शेडमध्ये जागा आहे," तो हळूच म्हणाला.

"कुणासाठी? गाडीसाठी की माझ्यासाठी?"

"गाडीसाठी आजपासून. तुझ्यासाठी... जिन्यात ग्लास सांडला तेव्हापासून. माझं प्रेम आहे तुझ्यावर, टॅम्सिन."

पाऊस पुन्हा भुरभुरू लागला. डेन्झिल ओरडून टप चढवायला सांगत होता. तिने टपाला हातही लावला नाही.

"माझंही आहे," ती म्हणाली. "आणि रागही अजून गेलेला नाही. दोन्ही झेपणार असतील तर बस."

तो बसला.