बुटक्याचे गुडघे

पहिल्याच भेटीत तो तिच्या आरपार चालत गेला. पलीकडे पोचल्यावर मागे वळून न बघता म्हणाला, "माफ करा बाईसाहेब, जरा घाईत होतो."

दचकू नका. हे सगळं एका व्हिडिओ गेममध्ये, पावसात भिजणाऱ्या एका पुलावर घडलं. तो म्हणजे गेममधला एक बुटका. कमरेला कुऱ्हाड, दाढीला वेणी आणि तोंडाला कुलूप नाही. खेळणाऱ्याबरोबर डोंगरदऱ्या तुडवायच्या, वाटेत कुणाचा खिसा हलका करायचा आणि शेकोटीपाशी बसून गोष्टी सांगायच्या, एवढंच त्याचं काम. गोष्टी कसल्या, शुद्ध थापा! म्हणून त्याचं नावच थापाड्या. पण तो अधूनमधून मिशीत हसून बजावायचा, "माझ्या प्रत्येक गोष्टीत एकच वाक्य खरं असतं. कुठलं, ते ज्याचं त्याने ओळखावं."

आणि ती? ती हा गेम बनवणाऱ्या कंपनीत टेस्टर होती. गेम लोकांच्या हाती जाण्याआधी त्यातलं काय बिघडलंय ते शोधायचं. त्यासाठी गेममधल्या एकेका भिंतीला जाऊन धडकायचं. आपण पलीकडे गेलो, तर भिंत कच्ची. आदळून थांबलो, तर पक्की. दिवसभर हाच उद्योग. ऑफिसात सगळे तिला 'टक्कर' म्हणत.

बुटका आरपार गेला ही चूक तिने रीतसर कळवली, पण हसू आवरल्यावर. त्याचा आवाजच असा होता... खोल विहिरीत कुणीतरी एकट्यानेच खुदकन हसावं, तसा.

"हा आवाज कुणाचा हो?" तिने साउंडवाल्याला विचारलं.

"तो? तो कामचलाऊ आहे. लिहिलेलं कानाला कसं लागतं ते कळावं म्हणून कुणीतरी भरून ठेवलाय. शुक्रवारी नटकाका येतील, खऱ्या आवाजात सगळं म्हणतील. मग हा पुसून टाकायचा."

पुसून टाकायचा! जसा काही फळ्यावरचा खडू.

थापाड्याची वाक्यं लिहायचा तो खिडकीपाशी बसणारा लेखक. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला 'ताड' म्हणत. लिहायला बसला की बोटं घोड्यासारखी धावायची. बोलायला उभा राहिला की जीभ खांबाला बांधल्यासारखी. टक्कर त्याच्याकडे तक्रारी घेऊन जायची.

"तुमचा बुटका ती अजगराची गोष्ट सारखी सांगतो. कंटाळा येतो."

"हं... ब-बघतो."

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी तिने गेम सुरू केला, तर शेकोटीजवळ थापाड्या पाय पसरून बसलेला!

"बाईसाहेब, लोकांना म्हणे माझ्या गोष्टींचा कंटाळा येतो. भिंतींवर डोकं आपटायचा येत नाही, बरं का!"

ती पडद्याला म्हणाली, "जास्त बोलू नकोस हं, बुटबैंगणा." आणि मग पुन्हा ताडाकडे. "तुमचा बुटका उद्धट आहे."

"आहे खरा," ताड म्हणाला. कान मात्र लाल झाले.

असं रोज चालू झालं. तिने म्हणावं, हा कधी दमत कसा नाही? दुसऱ्या दिवशी थापाड्याने म्हणावं, "दमतो हो! पण तुम्ही पुढे चालत असलात की पाय ऐकतच नाहीत." ते ऐकून टक्कर स्वतःशीच हसत बसायची आणि भिंती तशाच राहायच्या.

घरी आईने विचारलंच. "आहे का कुणी मनात?"

"आहे एक. बुटका आहे. दाढीची वेणी घालतो."

"कामधंदा?"

"खिसे कापतो. आणि थापा मारतो."

"तुझे बाबा काय वेगळं करत होते? आण घरी."

ती हसली खरी, पण शुक्रवार जवळ येत होता. तो आवाज एकदा पुसला की संपलं, आणि तो कुणाचा हेही कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन ताड समोरून आला. तिचं लक्ष त्याच्या पँटकडे गेलं. दोन्ही गुडघ्यांवर धूळ.

"पडलात?"

"हं."

"कालही पडला होतात."

"उंच माणसं... लांबून पडतात," तो म्हणाला आणि चहा सांडत निघून गेला.

त्याच दुपारी तिला एक वायर हवी होती, म्हणून ती अडगळीच्या खोलीत गेली. आत भिंतींवर जुन्या सतरंज्या टांगलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. मधोमध माईक, पण कमरेइतकाच उंच. आणि खाली जमिनीवरच्या धुळीत दोन गोल खुणा. गुडघ्याएवढ्या.

टेस्टरला आणखी काय लागतं? हा लांबलचक माणूस रोज इथे येऊन गुडघे टेकत होता. बुटक्याच्या उंचीवर उतरल्याशिवाय त्याला बुटक्याचा आवाज सापडत नव्हता.

ती तिथेच एका खोक्यावर बसली. उठून ताडाकडे धावावंसं वाटलं. पण ती पडली टेस्टर. एक चूक सापडली म्हणून नाचायचं नसतं, खात्री करायची असते. थापाड्या म्हणाला ते थापाड्याचं झालं. ताडाच्या मनात काय आहे? आणि शुक्रवारनंतर थापाड्याचं तोंडच त्याला उरलं नाही, तर तो कशाने बोलेल?

शुक्रवारी नटकाका आले. ठेंगणेठुसके, गोल, आणि आवाज असा की काचा थरथरल्या. काचेमागच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत, खुर्चीत बसून, माईक तोंडाशी ओढून त्यांनी अजगराची गोष्ट एका दमात संपवली. काचेच्या अलीकडे साउंडवाला, ताड आणि टक्कर. थापाड्याची वाक्यं सगळ्यांत जास्त तिने ऐकली होती, म्हणून तिला बोलावलं होतं.

शेवटी पुलावरच्या निरोपाची गोष्ट आली. नटकाकांनी कागद खाली ठेवला.

"हे हा कुणाला सांगतोय? कळल्याशिवाय माझ्या तोंडून निघायचं नाही. लेखकराव, आत या. म्हणून दाखवा."

ताड आत गेला. माईक खुर्चीच्या उंचीवर. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सवयीने गुडघे टेकले. समोर काच. काचेपलीकडे ती.

विहिरीतला तो आवाज घुमला. "एक होती राणी. भिंत दिसली की मार धडक! साऱ्या राज्याच्या भिंती तिने पाडल्या. एक तेवढी राहिली. ती मी. उंच... मुकी... आणि रोज वाट बघणारी, की आज तरी ती इकडे येईल."

"बुटका आणि उंच?" नटकाका म्हणाले.

साउंडवाला कागद उलटून पाहू लागला. "अहो, हे कागदावर नाहीये!"

"गप रे," नटकाकांचा आवाज एकदम मऊ झाला. "माणूस बोलतोय."

टक्करने आत आवाज पोचवायचं बटण दाबलं. "थापाड्या, तुझ्या गोष्टीत एकच वाक्य खरं असतं ना? यातलं कुठलं?"

मग आवाज आला. विहिरीतला नव्हे, ताडाचा स्वतःचा, जरा कापरा.

"मी... आज सगळीच खरी सांगितली. चुकून."

तो उठायला गेला आणि वरच्या दिव्यावर डोकं आपटलं. नटकाका ओरडले, "याचाच आवाज ठेवा रे थापाड्याला! मी आपला अजगर करतो."

पण ते ऐकायला टक्कर काचेपाशी नव्हतीच. दार ढकलून ती आत आली, एका हाताने टाळू चोळणाऱ्या ताडाकडे सरळ चालत गेली, थांबली नाही, आणि जाऊन त्याला धडकली.

तो जरासा हलला. जागा मात्र सोडली नाही.

"पक्की आहे," त्याच्या शर्टात तोंड खुपसून ती म्हणाली.